आरशात बघून पाडलेली भोकं

मी, श्रीमती सुगंधा गुरुदास हिंदळेकर, वय वर्षे बहात्तर, निवृत्त टंकलेखक, राहणार मसुरे, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, आज माझ्या घराच्या पडवीत बसून, कोणी सांगितलं म्हणून नव्हे आणि कोणाला भिऊन तर नव्हेच, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या बॅगेच्या कडीचा स्क्रू तिरका बसलाय हेही सांगितलं. दाखला सोबत जोडला आहे.

हे लिहिण्याचं कारण एकच आहे. माझ्यामागे माझी सून नम्रता हिला या घरातून कोणी उठवू नये, आणि देवाच्या खोलीतूनही उठवू नये. बाकी जे लिहिलं आहे ते ओघाने आलं आहे. वाचणाऱ्याने कंटाळा करू नये, मी फार वेळा मरणार नाही.

वकिलांनी मसुदा वाचून 'भोक' या शब्दाच्या जागी 'छिद्र' लिहा असं सुचवलं. मी आयुष्यात भोकंच पाडली. छिद्र एकही पाडलेलं नाही, त्यामुळे शब्द बदललेला नाही.

कलम १. माझा परिवार

माझे यजमान कै. गुरुदास हिंदळेकर हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यांना जाऊन सतरा वर्षं झाली. आम्हाला दोन मुलं. मोठा ओंकार तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. त्याच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, कारण कागद भिजला तर चालत नाही. धाकटी संचिता वेंगुर्ल्याला दिली आहे आणि सुखात आहे. ओंकारची पत्नी नम्रता आणि त्यांची मुलगी इशिता माझ्याजवळ राहतात. खरं म्हणजे गेल्या पावसाळ्यात मी पाय घसरून पडले तेव्हापासून मीच त्यांच्याजवळ राहते.

शेजारचं मूळ घर माझ्या सासऱ्यांचं. तिथे धाकटे दीर अजय कुटुंबासह राहतात. आमचा चतुर्थीचा गणपती त्या घरात येतो आणि सगळे तिथे एकत्र जमतात. मूळ घरावर माझा काही दावा नाही.

कलम २. घर

मी राहते ते घर आणि खालची जमीन ही माझी आणि यजमानांची पगारातून केलेली कमाई आहे. वडिलोपार्जितापैकी त्यात एक चिराही नाही. यजमानांच्या पश्चात मुलांनी हक्क सोडून ते माझ्या एकटीच्या नावावर केलं, त्याचे कागद कपाटात आहेत.

हे घर मी माझी सून नम्रता हिला संपूर्ण मालकीहक्काने देत आहे. ती इथे राहो, भाड्याने देवो, विको, दुसरं लग्न करो, तिला कसलीही अट नाही. अट घालून दिलेलं घर म्हणजे बाहेरून कडी घातलेलं घर. संचिताला मी आधी विचारलं. ती फोनवर म्हणाली, "आये, माका ईचारतंस कित्याक? घर नम्रतावयनीचाच." लेकीला असं वाढवल्याचा मला अभिमान आहे आणि तो मी इथे नोंदवून ठेवते.

यंदा विसर्जन झाल्यावर अजय भावोजी माझ्याकडे चहाला आले. चहाला ते एरवी येत नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "वयनी, घर घराण्यात रवाक व्हया. पुष्करच्या नावार करून ठेवा. तो काय परको?" पुष्कर हा त्यांचा मुलगा. पोरगा चांगला आहे, त्याचा यात दोष नाही.

मी विचारलं, "आणि नम्रता?"

"तरणी आसा ती. उद्या खंय जायत, कोणाक ठावक?"

"खंय गेली तरी परत येवक तिका घर नको?"

ते चपला घालून निघाले. आतल्या खोलीत नम्रता इशिताची वेणी घालत होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. त्या रात्री ती जेवली नाही. मला काही विचारलंही नाही, आणि तिने विचारलं नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी वकिलांना फोन केला.

कलम ३. ठेवी आणि दागिने

बँकेतल्या ठेवी संचिता आणि इशिता यांना निम्म्या निम्म्या द्याव्यात. इशिताचा हिस्सा तिच्या शिक्षणासाठी नम्रताने सांभाळावा. माझ्या पाटल्या संचिताला. तिच्या लग्नात मी त्या दिल्या नव्हत्या, कारण तेव्हा मला त्या घालायला आवडत होत्या. परसातली काजूची झाडं घराबरोबर नम्रताकडे जातील. कुंपणापलीकडे पडलेले काजू ज्यांनी वेचले त्यांनी वेचले, मी मोजलेले नाहीत.

कलम ४. हत्यारं

या कलमात मी थोडी सविस्तर लिहिणार आहे, कारण घर कोणालाही बांधता येतं.

पहिलं ड्रिल मशीन यजमानांनी कोल्हापूरहून आणलं. विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे त्यांना त्याच्या आतलं सगळं कळत होतं, फक्त बाहेर काय करायचं ते कळत नव्हतं. स्वयंपाकघरात फडताळ लावायला त्यांनी जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत चार भोकं पाडली. चारही चार दिशांना बघत होती. मी म्हटलं, भोक वाकडं आहे. ते शांतपणे म्हणाले, "भोक सरळ आसा गो. भिंत वाकडी आसा." चौथ्या दिवशी फडताळ लोणच्याच्या बरणीसकट खाली आलं. घरभर आठवडाभर कैरीच्या लोणच्याचा वास होता. त्यानंतर मी मशीन त्यांच्या हातातून घेतलं ते परत दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. उलट शाळेतून येताना माझ्यासाठी मशीनला लावायचं नवं बीट घेऊन यायचे, इतर लोक गजरा आणतात तसं.

मी टंकलेखक. समासापासून एक घर सरकलं तर पान फाडून नव्याने सुरू करणारी. भोक पाडणं हे तसंच आहे हे मला लगेच कळलं. लोकांना वाटतं भोक मशीन पाडतं. भोक मशीन सुरू करण्याआधी पडलेलं असतं. पेन्सिलीने फुली मारायची, फुलीच्या मधोमध टोच्याने खळी करायची म्हणजे बीट घसरत नाही. लाकूड घट्ट आवळायचं, हाताने धरायचं नाही. खाली टाकाऊ फळी ठेवायची, नाहीतर बीट पलीकडे निघताना लाकडाच्या चिपा उडवतं. मोठं भोक हवं असेल तर आधी लहान पाडायचं. लोखंडात मशीन सावकाश फिरवायचं आणि तेलाचा थेंब सोडत राहायचं. लोखंडाला घाई केली तर ते बिटाची धार खातं.

आणि आपल्याकडचं एक, जे कुठल्या मशीनच्या पुस्तकात नाही. आषाढात मापलेलं लाकूड वैशाखात खरं बोलत नाही. पावसात फणसाची फळी फुगते. तेव्हा घट्ट बसलेला बोल्ट उन्हाळ्यात खुळखुळतो. आमच्या पंचायत समितीच्या कचेरीत एका हौशी साहेबांनी भर जुलैत बाकं जोडून घेतली. मे महिन्यात बाकावर बसलेल्या अर्जदाराला आपण होडीत बसलो आहोत असं वाटायचं. मी आधीच सांगितलं होतं. ऐकलं नाही, म्हणून त्यांची आठवण इथे ठेवली.

निवृत्तीनंतर मी उभं ड्रिल मशीन घेतलं. ते, हातातलं मशीन, लाकूड आवळायचा शिकंजा, काटकोन तपासायचे दोन्ही गुण्ये आणि लाकडाची व लोखंडाची वेगवेगळ्या डब्यांतली सगळी बिटं नम्रताला. बिटं उंडेल तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावीत, खारी हवा त्यांना महिन्यात खाते. हे तिला सांगायची गरज नाही, पण तिच्याकडून कोणी मागून नेलं तर त्याला सांगावं.

नम्रताला मी हे काम कसं शिकवलं तेही लिहिते. ओंकार गेल्यानंतर ती मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसून असे. समजूत घालायला येणाऱ्या बायका तिला आणखी रडवून जात. एक दिवस मी तिच्यासमोर फणसाचा तुकडा ठेवला आणि म्हटलं, "रडाचा तर रड, पण हेका जरा धरून रव." तिने धरलं. मग फुली मारली. मग मशीन मागितलं. पहिलं भोक तिरकं गेलं, दुसरंही गेलं. तिसऱ्याला तिने गुण्या लावला, मी न सांगता. त्या दिवशी तिने आपण होऊन चहा केला.

आज ती आडाळे करते. नारळ खोवायचा आणि मासे कापायचा आमचा आडाळा, पण घडी घालता येणारा. लोखंडाच्या पात्याला भोक, फणसाच्या पाटाला भोक, आणि दोन्हीतून एकच बोल्ट. भोक केसभर मोठं झालं तर पातं डुलतं आणि बोट कापतं. नम्रताच्या आडाळ्याचं पातं डुलत नाही. तोंडवलीत पर्यटकांची घरं चालवणाऱ्या बायका तिच्याकडून नेतात. आंगणेवाडीच्या जत्रेत तिने पहिल्यांदा मांडलेले आडाळे दुपारपर्यंत संपले. मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, ही माझी सून, असं सांगत होते. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं.

सासऱ्यांचं हाताने फिरवायचं जुनं गिरमिट गावचे सुतार मंगेश मेस्त्री यांना द्यायचं होतं. ते या मृत्युपत्रावर साक्षीदार असल्याने त्यांना इथून काही देऊ नये असं वकील म्हणाले. म्हणून ते मी काल त्यांना जिवंतपणी देऊन टाकलं.

कलम ५. अजय भावोजींना

माझे दीर श्री. अजय यांनी माझं लाकडाचं उत्तम बीट मागून नेलं आणि ते चिऱ्यात घातलं. चिरा दिसायला मऊ, पण आत खडे असतात. बीट परत आलं तेव्हा त्याने लोणीही कापलं गेलं नसतं. ते बोथट बीट मी जपून ठेवलं आहे आणि ते त्यांना देत आहे. त्यांनी ते देवघराच्या दारावर टांगावं म्हणजे येता-जाता दिसेल. त्यांच्यावर माझा याहून जास्त राग नाही. यजमानांच्या शेवटच्या आजारात त्यांनी केलेली धावपळ मी विसरलेले नाही.

कलम ६. आरसा

माझ्या फणीकरंड्याच्या पेटीतला लहान पितळी चौकटीचा आरसा माझ्या आईने मला लग्नात दिला. यजमान गेल्यावर तेराव्याला माझ्या नणंद आनंदीबाई मला म्हणाल्या, "सुगंधा, आरसो आता पेटयेत घालून ठेव. तुका आता तो कित्याक?" मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही अशी आमची रीत. मी आरसा पेटीत घातला. पेटी हत्यारांची होती.

त्याचा उपयोग असा. जिथे भोक पाडायचं त्याच्या शेजारी आरसा लाकडावर आडवा ठेवायचा. बीट आणि आरशातलं बीट एका रेषेत दिसलं की समजावं आपण सरळ उभे आहोत. मधे कोपरासारखा बाक दिसला तर समजावं की मशीन कललं आहे. मग आरसा दुसऱ्या बाजूला ठेवून पुन्हा बघायचं. दोन्हीकडून सरळ दिसलं की दाबायचं. सतरा वर्षं मी त्या आरशात रोज बघते आहे. त्यात मला कधी कोणाची विधवा दिसली नाही, बीट दिसलं आणि त्यामागे माझा डोळा दिसला.

हा आरसा नम्रताला. तिने आधी त्यात स्वतःचं तोंड नीट बघावं, टिकली लावावीशी वाटली तर लावावी, आणि मग कामाला बसावं.

कलम ७. माटवी

आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, ती माटवी. तिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळाची रानफळं, आंब्याचे टाळ म्हणजे डहाळे असं सगळं बांधतात. पूर्वीची माटवी वाळवीने खाल्ली, तेव्हा माझ्या परसातल्या पडलेल्या फणसाच्या लाकडातून मंगेश मेस्त्रींना नवी करायला सांगितली. यजमान गेल्यानंतरची ती तिसरी चतुर्थी होती.

जुन्या माटवीला सुंभाने गाठी मारत आणि फळं घसरून एका कोपऱ्यात जमत. नवीन माटवीच्या प्रत्येक पट्टीला सारख्या अंतराने भोकं पाडायची आणि त्यातून दोरी ओवायची ही कल्पना निघाली, आणि तेव्हापासून आमची माटवी गावात नावाजली. आनंदीबाई दरवर्षी माहेरपणाला येतात आणि पाहुण्यांना हात धरून दाखवतात, "बघा, एक दोरी वाकडी नाय. मंगेशाच्या हातात देव आसा."

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी नारळांच्या वजनाने माटवीची एक पट्टी मोडली. मंगेश मेस्त्रींचे हात आता थरथरतात, म्हणून नम्रताने घरी बसून त्याच फणसाच्या उरलेल्या जुन्या लाकडातून नवी पट्टी केली. भोकं जुन्या पट्टीवरून उतरवून घेतली. ती पट्टी घेऊन ती मूळ घराच्या देवाच्या खोलीत गेली तेव्हा आनंदीबाईंनी सगळ्यांसमोर तिला थांबवलं.

"गो नम्रता, थंयच ठेव ती. माटवेक तुझो हात लागता नये."

खोलीत पंधरा-वीस माणसं होती आणि इशिताही होती. नम्रताने पट्टी दाराशी ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन भांडी घासायला बसली. अजय भावोजींनी मोडलेल्या पट्टीच्या जागी बांबूची काठी सुंभाने बांधली. यंदा कवंडळं पुन्हा एका कोपऱ्यात जमली.

मी त्या दिवशी गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांना याचं नवल वाटलं असेल. देवासमोर बोललेलं दुसऱ्या दिवशी लोक विसरतात किंवा आपल्या सोयीने आठवतात. नोंदणी केलेल्या कागदावर लिहिलेलं तसं करता येत नाही. म्हणून आता लिहिते.

ती माटवी मंगेश मेस्त्रींनी जोडली, पण तिची भोकं त्यांनी पाडलेली नाहीत. त्या साली ते तापाने अंथरुणाला खिळले होते आणि चतुर्थी तोंडावर आली होती. भोकांची कल्पना माझी होती आणि भोकंही मी पाडली. माझ्या पडवीत, पाठीमागे टाकाऊ फळी लावून, पेटीतल्या त्याच आरशात बघून. यजमान जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, म्हणजे नम्रता आज जी आहे तीच मी तेव्हा होते. मेस्त्रींना मी गप्प राहायला सांगितलं, कारण तेव्हा मला भांडायचं नव्हतं, माटवी सरळ टांगलेली बघायची होती.

तेव्हापासून आमचा गणपती माझ्या हातच्या भोकांखाली बसतो आहे. त्याने नैवेद्य नाकारलेला नाही. अजय भावोजींच्या पुष्करला नोकरी त्याच माटवीखाली नवस बोलून लागली. आनंदीबाईंनी इतकी वर्षं ज्या हाताची स्तुती केली तो माझा होता. मला ती ऐकताना फार बरं वाटायचं, आणि आज ती माझ्या नावावर करून घेताना त्याहून बरं वाटतं आहे.

वाळवीच्या भीतीने माटवी वर्षभर माझ्या माळ्यावर असते. लाकूड माझं, काम माझं, म्हणून ती माझी मालमत्ता आहे, आणि ती मी नम्रताला देत आहे. मूळ घरी ती हवी असेल तर दरवर्षी नम्रताला मानाने बोलवावं. ती येईल, सगळ्यांसमोर आपल्या हाताने टांगेल आणि पहिला नारळ बांधेल. तिचा हात चालत नसेल तर माझाही चालत नव्हता, असं समजून नवी माटवी करून घ्यावी. तिला भोकं कोण पाडणार ते मात्र आधी ठरवावं.

कलम ८. माझ्या पश्चात

मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी संचिता हिने करावी. दिवसकार्य थोडक्यात उरकावं. माझा फोटो लावायचा तर चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकू नये, चिरा भुगा होतो आणि खिळा वर्षभरात मान टाकतो. चिऱ्याच्या बिटाने भोक पाडून त्यात लाकडाची गुल्ली ठोकावी आणि मग स्क्रू लावावा. भोक नम्रताने पाडावं. आरसा इशिताने धरावा. यजमानांचा फोटो शेजारी आहे, तो थोडा डावीकडे कललेला आहे. तो तसाच राहू द्यावा, तो त्यांनी स्वतः लावला होता.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. हे मी वाचून पाहिलं, दोन ठिकाणी शाई फुटली आहे, बाकी सर्व सरळ आहे.

ठिकाण: मसुरे, ता. मालवण
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

(सही) सुगंधा गुरुदास हिंदळेकर

साक्षीदार

सुगंधाबाईंनी आमच्या दोघांच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली.

१. (सही) नीरजा दत्ताराम परब, निवृत्त परिचारिका, मसुरे

२. (सही) मंगेश मेस्त्री, सुतारकाम, मसुरे

साक्षीदाराने फक्त सही करायची असते असं वकील म्हणाले, पण वयनींनी खाली जागा सोडली आहे म्हणून लिहितो. माटवीबद्दल वर लिहिलं आहे ते खरं आहे. भोकं वयनींची. लोक मला शाबासकी देत आणि मी ती दर चतुर्थीनंतर मागच्या दाराने वयनींना पोचवत होतो. आज सही करण्याआधी माळ्यावरून माटवी खाली काढली आणि नम्रताने केलेली पट्टी मोडक्या पट्टीच्या जागी बसवली. सगळ्या भोकांतून एकच दोरी ओवली, कुठे अडली नाही. मग वयनींनी पट्ट्या सोडवून उलटसुलट केल्या आणि मला विचारलं, यातली सासूची भोकं कुठली आणि सुनेची कुठली. चाळीस वर्षं लाकडात काढली, पण मला सांगता आलं नाही.